इग्लूलिकचा कॅमेरा

क्षितिजापर्यंत पसरलेली ही पांढरी सपाटी म्हणजे उत्तर कॅनडातील इग्लूलिक बेटाभोवतीचा गोठलेला समुद्र आहे. दिग्दर्शक झकारायस कुनुक यांचा जन्म १९५७ मध्ये याच परिसरातील शिकारी कुटुंबात झाला, आणि नवव्या वर्षी शाळेसाठी त्यांना गावात आणले गेले.

मऊ दगडावर फिरणारी ही कानस पाहावी. अशाच मूर्ती विकून लहानगा कुनुक चित्रपटाचे तिकीट काढत असे. १९८१ मध्ये मूर्ती घेऊन ते मॉन्ट्रियलला गेले, ते व्हिडिओ कॅमेरा आणि दूरचित्रवाणी संच घेऊनच परतले. तोवर इग्लूलिकमध्ये दूरचित्रवाणी नव्हती, कारण तिच्यावर आपली, म्हणजे इनुइट लोकांची, इनुक्टिटुट भाषा ऐकू येणार नसेल तर ती आम्हाला नको, असा कौल गावाने मतदानातून दोनदा दिला होता. कुनुक यांच्या साऱ्या कामाचे मूळ आम्हाला या नकारात दिसते.

१९९० मध्ये त्यांनी पॉल आपाक, पाउलूसी कुलितालिक आणि नॉर्मन कोन यांच्यासह ‘इसुमा’ ही स्वतंत्र निर्मितीसंस्था काढली. ‘नुनावूत’ या तेरा भागांच्या मालिकेत गावकऱ्यांनी आपल्या वाडवडिलांचे जगणे स्वतःच उभे केले आणि ‘अटानार्जुआट’ चित्रपटासाठीही हीच रीत पाळली गेली. आपाक यांनी एकच दंतकथा आठ वृद्धांच्या तोंडून ऐकली आणि त्यातून पटकथा बांधली. गावातील स्त्रियांनी कातड्याचे कपडे शिवले. अर्धचंद्राकृती दगडी दिव्यात सीलची चरबी वितळते आहे, काठावरच्या वातीवर ज्योत एका रेषेत पसरते आहे, आणि ती काजळू नये म्हणून वात सारखी सावरावी लागते.

आता हा धावणारा माणूस. भावाच्या मारेकऱ्यांच्या तावडीतून निसटलेला अटानार्जुआट अंगावर वस्त्र नसताना अनवाणी, बर्फावर साचलेल्या पाण्यातून धावतो आहे. अभिनेते नातार उंगालाक यांच्यापुढे कॅमेरा बसवलेली घसरगाडी होती, हे चित्रपटाच्या श्रेयनामावलीतच दाखवले आहे.

इनुक्टिटुटमधील या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाला २००१ मध्ये कान महोत्सवात ‘कॅमेरा दोर’ हा दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला. हा सन्मान पाहायला आपाक हयात नव्हते. २०११ मध्ये संस्था आर्थिक संकटात बुडाली. कुनुक यांचे चित्रीकरण मात्र सुरूच राहिले.

हा प्रसंग त्यांच्या २०१९ च्या चित्रपटातील आहे. साल १९६१. शिकारीच्या वाटेवर भेटलेला सरकारी अधिकारी वृद्ध नोहा पिउगात्तुक यांना वस्तीत राहायला या, मुलांना शाळेत घाला, असे सांगतो आहे. त्याचे प्रत्येक वाक्य दुभाष्याकडून इनुक्टिटुटमध्ये येते आणि नोहा यांचा नकार त्याच वाटेने परत जातो.