श्रीमंतीचे शब्द आणि कूळ

मंडळी, नमस्कार. वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत मला बोलावलंत, त्याबद्दल आभार मानतो आणि थेट विषयाकडे वळतो.

लग्न ठरवताना मुलाकडची माणसं कशी आहेत असं विचारलं, की आपल्याकडे काय उत्तर येतं? ‘घरचं बरं आहे.’ ‘खाऊनपिऊन सुखी आहेत.’ ‘सुखवस्तू कुटुंब आहे.’ किती पैसा आहे हे कुणी सांगत नाही, पण ऐकणाऱ्याला सगळं कळतं. घराण्यातल्या माणसाला आपण खानदानी म्हणतो, गावात वजन असलेल्याला तालेवार किंवा मातब्बर. ज्याचा पैसा आपल्याला खुपतो तो गब्बर होतो, आणि ज्याची भीती वाटते ते होतं बडं धेंड. म्हणजे यातला प्रत्येक शब्द बोलणारा त्या माणसाच्या वर उभा आहे, खाली की बरोबरीने, हेही सांगतो. श्रीमंतीचा कुठलाही शब्द कानावर आला की तो कुणाच्या तोंडून आला, हे मी आधी पाहतो.

‘श्रीमंत’ हाच शब्द घ्या. आज आपण तो पैसेवाल्याला लावतो, पण कित्येक वर्षं ती पदवी होती. पेशव्यांच्या नावाआधी श्रीमंत, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या नावाआधी श्रीमंत. स्वतंत्र भारताच्या घटनेने १८व्या कलमात किताब बंद केले आणि १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. कायद्याने पदवी गेली, लोकांच्या जिभेवरून मात्र गेली नाही. पुण्यात आपण एका मिठाईवाल्याच्या नावाचा गणपती ‘श्रीमंत दगडूशेठ हलवाई’ म्हणूनच ओळखतो. राजघराण्याचा मान आणि व्यापाऱ्याचा मान त्या एका नावात शेजारी बसले आहेत, आणि मला ते फार आवडतं.

आता शेठ. हा संस्कृत ‘श्रेष्ठी’चा वंशज. तो किती जुना आहे हे पाहायचं तर लोणावळ्याजवळ कार्ल्याला जा. तिथल्या चैत्यगृहाच्या ओवरीत ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत लेख आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा ‘सेठि’ सांगतो की हे शैलगृह मी पुरं केलं आणि जंबुद्वीपात हे उत्तम आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शेठ. आपल्या दानाचा त्याला केवढा अभिमान आहे! पण त्याच लेण्यात दाराशी आणखी एक लेख आहे, आणि माझा जीव त्याच्यावर जास्त आहे. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केलं, असं तो सांगतो. शेठचं नाव राहिलं, सुताराचंही राहिलं, बापाच्या नावासकट. पुढच्या काळात श्रीमंतांचे वाडे कुणी बांधले, त्या गवंड्या-सुतारांची नावं आपल्याला किती ठाऊक आहेत?

सावकार या शब्दाची गोष्ट दुःखाची आहे. साव म्हणजे सचोटीचा माणूस; चोर आणि साव ही जोडी आपण आजही वापरतो. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा त्याला दिलेलं हे नाव. मातब्बरचंही तसंच; मूळ अरबी शब्दाचा अर्थ भरवशाचा. दख्खनच्या शेतकऱ्याने हा भरवसा कसा भोगला? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि सरकारने सारा मात्र वाढवून ठेवला. कर्ज फिटेना, जमिनी जाऊ लागल्या. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर चालून गेले, आणि लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. त्या लोकांना हवे होते कर्जरोखे. रोखे हातात पडले की ते जाळले. माणसांच्या जिवावर ते सहसा उठले नाहीत. ज्या कागदावर आपला अंगठा आहे तोच कागद आपल्याला खातोय, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. चौकशीसाठी आयोग नेमावा लागला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला.

आणि आता ज्या शब्दासाठी मी हा विषय निवडला, तो ‘कूळ’. कुणाच्या मोठेपणाचं वर्णन करताना आपण कुलीन म्हणतो, थोर कुळातला म्हणतो, शहाण्णव कुळी म्हणतो. आणि दुसऱ्याची जमीन कसणारा, त्याला खंड देणारा, कर्जाखाली दबलेला माणूस? तोही कूळच. ‘त्यांच्याकडे चाळीस कुळं होती’ हे वाक्य घराण्याची ऐट सांगायला वापरलं जातं, आणि ती चाळीस घरं त्यात नुसता आकडा होऊन बसतात.

कोकणातल्या खोताकडे बघा. गावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा हा त्याचा मूळ अधिकार. तो वंशपरंपरेचा झाला आणि खोत गावचा धनी झाला. कुळाने भात पिकवायचं आणि अर्धं खोताच्या घरी घालायचं. अर्धेल म्हणत त्याला. शिवाय वेठ वेगळी, फुकटची. रायगडमधल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३मध्ये ठरवलं की आता खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. सुमारे सहा वर्षं हा संप चालला. सहा वर्षं पेरणी नाही, म्हणजे घरात दाणा नाही. लोकांनी लाकडं तोडली, मोलमजुरी केली, पण नांगर धरला नाही. १९३७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा आला १९४९मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी कूळकायदा आला, आणि पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवसापासून कसणारा मालक. गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडाबागेत घर असलेल्या मुंडकाराला संरक्षण मिळायला १९७५ उजाडलं.

सातबाऱ्यावर आजही कुळाच्या नावाची जागा असते. घरी जाऊन जुना उतारा काढून बघा. तिथे कुणाचं नाव आहे, ते पुढे कमी झालं असेल तर कोणत्या फेरफाराने झालं, हे वाचा. आपल्या घराण्याला खानदानी म्हणण्याआधी प्रत्येकाने एवढं करावं, असं मला मनापासून वाटतं.

नव्या शब्दांबद्दल थोडंच बोलतो. वर्तमानपत्रं ‘उच्चभ्रू वस्ती’ लिहितात. बौद्धिक उंचीसाठी घडवलेला हा शब्द आता जागेच्या भावाला चिकटला आहे. बायोडेटात सुखवस्तूच्या जागी ‘वेल सेटल्ड’ आलं. लखपतीचा दबदबा ओसरला, कोट्यधीशाचाही ओसरत चालला आहे. या शब्दांत जमीन नाही, कूळ नाही, देणेकरी नाही. ज्यांच्या कष्टावर हा पैसा उभा आहे ती माणसं पूर्वी निदान ‘कुळं’ म्हणून मोजली तरी जायची. आज घर झाडणारी बाई, जेवण पोचवणारा मुलगा, सोसायटीचा वॉचमन या कुणालाच त्या श्रीमंतीच्या वर्णनात जागा नाही.

माझ्याकडे जमलेले शब्द बहुतेक वाड्यातले आहेत. शेतातले, ओसरीखालचे, माजघरात दळताना बोलले गेलेले फार थोडे. तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी खोतासाठी, सावकारासाठी, इनामदारासाठी कोणते शब्द होते, तोंडावर कोणते आणि पाठीमागे कोणते, ते मला हवे आहेत. वही घेऊन मी इथेच बसलो आहे. कृपया गावाच्या नावासकट सांगा.