घानातला एक सर्व्हर

मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, "सर, आमच्याकडे तीन डोमेन कंट्रोलर आहेत. एक गेला तरी दोन उरतात. मग बॅकअप कशाला?" डोमेन कंट्रोलर म्हणजे कंपनीतल्या यूजरांची आणि परवानग्यांची वही सांभाळणारा सर्व्हर. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीकडे असे जवळपास दीडशे होते. जगभर पसरलेले, एकमेकांशी जुळवून घेणारे. एक पडला तर शेजाऱ्यावरून नवा उभा करायचा, असा हिशेब.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा डेटा निकामी करणारा व्हायरस आला. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि बघता बघता कंपनीभर पसरला. आपल्या न्हावाशेव्याला त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. बाकीच्या जवळपास सगळ्या सर्व्हरचे बॅकअप सापडले, पण डोमेन कंट्रोलरचा एकही नाही. कोणी लॉगिन करायचं, कोणाला काय उघडायची परवानगी, ही वहीच गेली, तर बाकीचे बॅकअप घेऊन करता काय?

शोधाशोध केल्यावर घानाच्या ऑफिसात एक जिवंत सापडला. व्हायरस पोहोचायच्या आधी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेली आपण माणसं, पण इथे तिला हात जोडावेत. पुढे लाइन इतकी बारीक की डेटा पाठवायला दिवस लागले असते. सगळं पुन्हा उभारायचं काम ब्रिटनमधून चाललेलं, आणि घानातल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एक जण नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली, आणि ती लंडनजवळच्या मेडनहेडला पोहोचली. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष स्नाबे यांनी पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितलं: दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने बसवले.

तेव्हा रेप्लिकेशन, म्हणजे कंट्रोलरांनी एकमेकांशी डेटा जुळवून घेणं, हा बॅकअप नव्हे. इथे चुकून डिलीट केलेला यूजर थोड्या वेळात तिन्ही ठिकाणांहून जातो, इतकं इमानदार असतं ते.

तीनातला एकच गेला असेल, तर मात्र मी बॅकअपला हात लावत नाही. नवीन सर्व्हर घ्या, डोमेन कंट्रोलर करा, डेटा शेजाऱ्याकडून येऊ द्या. गेलेल्याकडे एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) असतील तर ते दुसऱ्यावर सीझ करा, म्हणजे जबरदस्तीने घ्या, मेटाडेटा (वहीत उरलेली त्या सर्व्हरची माहिती) साफ करा, डीएनएसमधल्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी यंत्रणा) त्याच्या जुन्या नोंदी काढा. आणि रोल सीझ केल्यावर तो जुना सर्व्हर दुरुस्त होऊन आला, तरी नेटवर्कला जोडू नका. फॉरमॅट करा.

सगळेच गेले, तर बॅकअप. तोही सिस्टम स्टेटचा (या वहीसकट विंडोजच्या गाभ्याचा), नेटवर्कपासून तोडून ठेवलेला, आणि ताजा. टूम्बस्टोनची, म्हणजे डिलीट केलेल्या नोंदीची खूण ठेवायची, मुदत साधारण १८० दिवस; त्याहून जुना बॅकअप कामाचा नाही. रिस्टोअर करताना डीएसआरएमचा (डोमेन कंट्रोलर दुरुस्त करायच्या खास मोडचा) पासवर्ड लागतो. सर्व्हरला डोमेन कंट्रोलर करताना एकदाच टाकलेला, डोमेनच्या पासवर्डशी संबंध नसलेला. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी तो सर्व्हर बसवणाऱ्याबरोबरच नोकरी सोडून गेलेला असतो.