जनसुनावणीत बोललात ना? मग लगेच उठू नका

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक (कोळशावरच्या) वीज केंद्रावर बोलल्यापासून एकच कमेंट सारखी येतेय, ती पण जास्त करून कराड-पाटणकडून. "दादा, आपल्याकडं कोयना आहे, पाण्यावरची वीज. कोळशाचं आपल्याला काय?"

कोयना १९६० मेगावॉटची, मलाही तिचा अभिमान आहे. पण ती मुख्यतः मागणी चढली की चालवतात. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्रच येते, त्यामुळं तुमच्या फ्रीजमागं चंद्रपूर, कोराडीचा कोळसाही जळतोच. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बंधारा फुटला, राखेचं पाणी शेतांत शिरलं. आणि मे २०२३ मध्ये तिथंच आणखी दोन ६६० मेगावॉटच्या संचांसाठी जनसुनावणी, म्हणजे मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायची बैठक, घेतली. बटण आपण इथं दाबायचं आणि राख तिथल्यांनी झेलायची, हे मला पटत नाही.

धुरातले पीएम २.५ म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक कण, ते फुप्फुसात खोल जातात, हे तुम्हाला माहीत आहे. सांगली शहर केंद्र सरकारच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत आहे, हेही. पुढं जातो.

आमच्या गावाशेजारच्या साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर वीज होते. गळीत हंगामात आई गच्चीवर धुतलेल्या पातळावर कुरडया घालते. संध्याकाळी त्यांच्यावर काळे कण. अंगठ्यानं पुसायला गेलं की ते पसरतात, निघत नाहीत. आमचं घर तरी पक्कं आहे. ऊसतोडकऱ्यांच्या खोप्या कारखान्याच्या कुंपणाला टेकून असतात, पोरं तिथंच झोपतात. मतदार यादीत त्यांचं नाव बीडला, मग इथं त्यांना विचारणार कोण?

सुनावणीत ते स्वतःच विचारू शकतात! पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं तिथं हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती विचारायची संधी द्यावीच लागते. यादीत नाव आहे का, हा प्रश्नच नाही.

आता मुद्द्याचं. त्याच कारखान्याच्या विस्ताराची सुनावणी होती. मी कुरडयांचं बोललो, खोप्यांचं बोललो, टाळ्या पडल्या, आणि चारची एसटी गाठायला निघून गेलो. नंतर इतिवृत्त, म्हणजे कामकाजाची लेखी नोंद, हातात आलं. माझ्या दहा मिनिटांची एक ओळ: "राखेबाबत शंका उपस्थित." खोप्यांचा शब्द नाही. फार लागलं ते मनाला.

कामकाज संपल्यावर इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा, असा नियमच आहे. चूक तिथंच, सगळ्यांसमोर उभं राहून दुरुस्त करून घ्यायची असते. मी तेव्हा एसटीत होतो.

एका ताईंनी लिहिलंय, "आम्ही बहिष्कार टाकला, खुर्च्या रिकाम्या होत्या, आता सुनावणी रद्दच." नाही हो ताई. गणपूर्तीची, म्हणजे किमान इतकी माणसं हवीत अशी, अटच नाही. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी कामकाज होतं, आणि कागदावर तुमचा विरोध कुठंच नसतो.

"मग दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त करू," असंही एकानं विचारलंय. इतिवृत्तावर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही त्याच दिवशी होते, मग ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं जातं. दुसरा दिवस उशिराचा. म्हणून डबा घेऊन जा, परतीची गाडी शेवटची धरा, आणि वाचन संपेपर्यंत जागा सोडू नका. शेजारी कुणी तोडकरी बसला असेल, तर त्याचं म्हणणं वाचलं गेलं का, तेही कान देऊन ऐका.