ढगांच्या फटींतून समुद्र

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात जेट्टीवर गेले होते. मासेमारी बंदीचे दिवस, आभाळ गच्च भरलेलं. पांढऱ्या पत्र्याच्या थाळीला भोक पाडून त्यात दोरी ओवली, खाली दगड बांधला आणि थाळी खाडीत सोडली. हातभर खाली गेली न गेली तोच दिसेनाशी झाली. शेजारी जाळं तुणत बसलेले एक काका बघत होते. म्हणाले, "ताई, उधानाचं पानी हाय, सगला गाल वर आलाय. भांगाला या, मंग बगा." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी जोराची भरती-ओहोटी, उधाणाच्या उलट.

अशी पांढरी थाळी सोडून पाण्याचा नितळपणा मोजायची रीत अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली घालून दिली. ती आजही चालते. आज मला बोलायचंय ते हेच पाणी सातशे किलोमीटरहून जास्त उंचीवरून, उपग्रहातून पाहण्याबद्दल.

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती तरंगत असते. तिच्यातलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून ती जिथे वाढते तिथलं पाणी निळ्याकडून हिरव्याकडे झुकतं. हिरवं पाणी म्हणजे माशांचं खाणं. आपल्या इस्रोने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ हा उपग्रह सोडला तो हा रंग टिपण्यासाठी. पुढे २००९ मध्ये दुसरा गेला, २०२२ मध्ये तिसरा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हा रंग आणि पाण्याचं तापमान एकत्र पाहून मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते.

आता अडचण सांगते. उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो, त्यात समुद्रातून आलेला भाग जेमतेम एक दशांश. उरलेला बहुतेक हवेने आणि धुळीने विखुरलेला. निरभ्र दिवशीसुद्धा तो वजा करणं नाजूक काम असतं. मध्ये ढग आला की सगळंच झाकलं जातं. एवढंच नाही, ढगाच्या कडेची चकाकी आणि त्याची सावली यांच्यामुळे आजूबाजूचं पाणीही हिशेबातून काढावं लागतं. आणि पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग कुठल्याही घटकेला ढगांखालीच असतो.

मग सूक्ष्मलहरींनी, म्हणजे मायक्रोवेव्हनी, का बघत नाहीत, असं तुम्ही विचाराल. त्या लहरी ढगातून पार होतात हे खरंय, त्यांच्यावरून समुद्राचं तापमान पावसाळ्यातही कळतं. पण रंग हा दिसणाऱ्या प्रकाशातच असतो. सूक्ष्मलहरींना हिरवं-निळं कळत नाही.

मग उरतं ते ढगांच्या फटींतून बघणं. ठाणे स्टेशनवर उभं राहून हे तुम्ही रोज पाहता. मधून जलद लोकल धडधडत जाते, पलीकडचा फलाट झाकला जातो. तरी उघड्या दारांतून पलीकडची माणसं तुकड्यातुकड्यांनी दिसतात, आणि गाडी जाईपर्यंत तिथे कोण उभं आहे याचा बऱ्यापैकी अंदाज आलेला असतो. ढगही सरकतात. म्हणून आठ दिवसांची, महिन्याची चित्रं एकावर एक ठेवतात, वेगवेगळ्या उपग्रहांची जोडतात. कोरियाने तर २०१० मध्ये एकाच जागेवर नजर रोखून बसणारा उपग्रह सोडला. दिवसा तासातासाला त्याच समुद्राचं चित्र, म्हणजे सकाळी झाकलेला तुकडा दुपारी उघडा सापडायचा. उरलेल्या भोकांसाठी गणित आहे. वर्षानुवर्षांच्या चित्रांतून समुद्राच्या ठरावीक सवयी शोधायच्या, त्यावरून रिकामी जागा भरायची. मुद्दाम चित्रातले काही माहीत असलेले ठिपके लपवून अंदाज पारखायचा, आणि जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं.

शिकत असताना मी अरबी समुद्राचा जुलैचा नकाशा केला होता. रिकाम्या ठिपक्यांची किंमत शून्य धरली गेली आणि समुद्र ओसाड दिसू लागला. प्रत्यक्षात त्याच महिन्यांत केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यासमोर खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं आणि समुद्र हिरवागार होतो. त्याच्या भरभराटीचे दिवस आणि ढगांचे दिवस एकच. तेव्हापासून माझा आग्रह आहे: ढगाखालची जागा नकाशावर कोरी दाखवा. अंदाजाने भरलीत तर अंदाज म्हणून वेगळ्या छटेत दाखवा. कोरं म्हणजे शून्य नव्हे. त्या नकाशावर भरवसा ठेवून कोणीतरी डिझेल जाळून समुद्रात जाणार असतं.

आणि निरभ्र दिवसांचीच सरासरी घेतली तरी ती थोडी फसवते. लख्ख उन्हातली वनस्पती आणि आठवडाभर मळभाखाली राहिलेली, दोघींची वाढ सारखी कशी असेल?

आपल्या ठाण्याच्या खाडीचं तर आणखी अवघड. ओशनसॅट-२ च्या चित्रातला एक ठिपका म्हणजे पाण्यावरचे ३६० मीटर. कळव्याकडच्या अरुंद खाडीत एका ठिपक्यात पाणी, चिखल आणि खारफुटी सगळंच येतं. शिवाय इथला रंग हरितद्रव्यापेक्षा गाळाचाच जास्त, त्यामुळे खोल समुद्राचं गणित इथे चुकतं.

म्हणून ढगाखाली खरं काय आहे ते शेवटी पाण्यात उतरूनच मोजावं लागतं. होडीतून नमुने घ्यायचे, हरितद्रव्य मोजणारी तरंगती यंत्रं सोडायची, नाहीतर दोरीला थाळी बांधायची. येत्या अष्टमीला भांग आहे. काकांना विचारलंय, ते होडीतून खाडीच्या मध्यापर्यंत नेणार आहेत.