माळ्यावरच्या कॅसेटी

मुंबईत काळा घोड्याला असलेलं रिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान 2016 मध्ये बंद झालं. तिथून किंवा गल्लीतल्या दुकानातून आणलेल्या कॅसेटी मात्र अजून घराघरांत माळ्यावर पडून आहेत. वाजवायला यंत्र नाही. असलंच, तर आतला बेल्ट वितळून चिकट झालेला.

मग कोणाच्याही डोक्यात येतं: लोकांच्या कॅसेटी घ्याव्यात, पेनड्राइव्हवर उतरवून द्याव्यात, पैसे घ्यावेत. कल्पना झकास. पण जी सिनेमाची गाणी फोनवर फुकट वाजतात, त्यांच्यासाठी खिशात हात कोण घालणार? वर हक्कांची कटकट आहेच. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे 60 वर्षं टिकतो. आमचं म्हणाल, तर विकतच्या कॅसेटी सरळ परत कराव्यात.

धंदा आहे तो बॉलपेनने नाव लिहिलेल्या कॅसेटींत. दिवाणखान्यातली बैठक. गणपतीत गायलेल्या आरत्या. आजीच्या ओव्या, मधेच कुकरच्या शिट्टीसकट. आखातातून पत्राऐवजी बोलून पाठवलेली खुशाली. याची दुसरी प्रत कुठेच नसते.

आता हे काम जवळून बघू.

कोकणातून आलेल्या या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. ही तशीच डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात घातली, तर बुरशी फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडला लागेल आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला. म्हणून आधी फीत साफ करायची. फितीमागचं इवलंसं पॅड निखळलं असेल, तर तेही बसवायचं.

आणि हेडशेजारचा हा बारीक स्क्रू. घरच्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असे, त्यामुळे आज दुसऱ्या डेकवर तीच फीत दबकी, घोंगडीखालून आल्यासारखी वाजते. आवाज ऐकत स्क्रू हळूहळू फिरवायचा. हा बघा, तंबोरा मोकळा झाला! हे कान तयार असलेल्या माणसाचंच काम, संगणकाच्या भरवशावर सोडण्यासारखं नाही.

वेळेचा हिशेबही कडक आहे. 60 मिनिटांची कॅसेट उतरवायला 60 मिनिटंच लागतात. पटापट वाजवून उरकायला गेलात, तर वरचे सूर जातात. आठ तासांत एका डेकवर आठ कॅसेटी, त्याही एकही अडकली नाही तर. म्हणून तीन-चार डेक लागतात. नवे चांगले डेक मिळत नाहीत, जुने दुरुस्त करणारा कारागीर मात्र हाताशी हवा.

सीडीच्या दर्जाची एक तासाची फाइल साधारण 600 एमबीची होते. ती मूळ प्रत हार्ड डिस्कवर, ऐकायची एमपीथ्री वेगळी. दोन्ही गिऱ्हाइकाच्या ताब्यात, दुकानात साठा नाही.

राहिली नावं. राग कोणता, तबल्याला कोण, साल कोणतं, मधे "वाहवा" म्हणणारे कोण? हे घरच्या थोरल्या माणसाला शेजारी बसवून विचारायचं आणि फाइलवर लिहायचं. कोणी नुसत्या फाइली मागेल, त्याला दर कॅसेटमागे. नावांसकट हवं असेल, त्याला तासावर. आणि या तासांचे पैसे मागताना भीड धरू नये.