गाडी जरूर द्या, रस्ता सगळ्यांचा राहू द्या

नमस्कार श्रोतेहो.

सिग्नल हिरवा आहे आणि तरीही आपण उभे आहोत, हा अनुभव तुमच्यापैकी कुणालाच नवा नसेल. चौकाच्या मधोमध हवालदार हात आडवा करून उभा असतो, कानाशी वायरलेस. कुणीतरी विचारतं, "काय झालं हो?" उत्तर येतं, "साहेब येतायत." मग पायलट गाडी येते, सायरन येतो, पांढऱ्या गाड्यांची रांग येते आणि सगळ्यात शेवटी कार्यकर्त्यांच्या गाड्या, ज्यांचा सुरक्षेशी काडीचाही संबंध नसतो. त्या थांबलेल्या गर्दीत कामावर निघालेला गवंडी असतो, उशीर झाला की त्याचा खाडा पडतो. परीक्षेला निघालेली मुलगी असते. डायलिसिसची वेळ गाठायची असलेला कुणी रिक्षात बसलेला असतो.

मंत्र्यांना, लोकप्रतिनिधींना सरकारी गाडी आणि प्रवासाच्या खास सवलती असाव्यात का, हा आजचा विषय. माझं मत आधीच सांगतो. गाडी जरूर असावी. दुसऱ्याला थांबवून पुढे जाण्याचा हक्क मात्र असू नये.

गाडी का असावी? महाराष्ट्राचा पसारा 3,07,713 चौरस किलोमीटर, जिल्हे 36. गडचिरोलीच्या पालकमंत्र्याला मंत्रालयात बैठक घेऊन पुन्हा जिल्ह्यात जायचं असतं. पूर आला, गारपीट झाली, तर रात्री-अपरात्री निघावं लागतं. हे काम स्वतःच्या खिशातून करा म्हटलं, तर ज्यांच्या दारात आधीच चार गाड्या उभ्या आहेत तेवढेच राजकारणात उरतील. शेतमजुराचा मुलगा मंत्री झाला तर त्याने काय करावं? कुणा ठेकेदाराने दिलेल्या गाडीत बसावं? ती गाडी फुकट कधीच नसते, तिची किंमत पुढे एखाद्या निविदेत वसूल होते. म्हणून जनतेच्या पैशाची, साधी, कामापुरती गाडी मला जास्त सुरक्षित वाटते. मंत्र्यापासून अधिकाऱ्यापर्यंत कुणासाठी किती किमतीपर्यंतचं वाहन घ्यायचं, याच्या मर्यादा सरकार शासन निर्णयांनी ठरवतं. त्या कडक असाव्यात आणि पाळल्या जाव्यात.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची आठवण इथे काढायलाच हवी. अकरा वेळा आमदार झालेला हा माणूस एसटीने फिरायचा. आपल्या लाल गाडीत एका आसनावर "आमदार / खासदार" असं लिहिलेलं असतं, तुम्ही पाहिलं असेल. एरवी तिथे बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेली एखादी आजी बसलेली असते, शाळेची पोरं बसलेली असतात. गणपतरावांनी या राखीव जागेला अर्थ दिला. प्रत्येक आमदाराने एसटीनेच फिरावं असा हट्ट मी धरणार नाही, आजच्या कामाच्या धबडग्यात ते जमायचं नाही. पण एसटीत शेजारी बसलेला माणूस जे सांगतो ते विश्रामगृहावर निवेदन घेऊन आलेलं शिष्टमंडळ सांगत नाही. गाडी वेळेवर का येत नाही, फाट्यावर किती वेळ उभं राहावं लागतं, हे तिथेच कळतं.

आता लाल दिव्याकडे वळू. अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात 10 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लाल दिव्याचा वापर घटनात्मक पदांवरच्या उच्चपदस्थांपुरता मर्यादित केला. पुढे 1 मे 2017 पासून केंद्र सरकारने तो त्यांच्याही गाड्यांवरून काढला. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 108 क्रमांकाचा नियम बदलला गेला. निर्णय जाहीर झाला त्याच दिवशी नितीन गडकरी यांनी स्वतःच्या गाडीवरचा दिवा उतरवला. चांगलं पाऊल होतं आणि मला त्याचं मनापासून समाधान वाटलं.

दिवा गेला, पण त्यामागची हौस गेली नाही. काचेमागे लाल अक्षरांतल्या पाट्या आल्या, खासगी गाड्यांवर "महाराष्ट्र शासन" आलं, आमदारांचे स्टिकर भाच्या-पुतण्यांच्या गाड्यांवर दिसू लागले. 2024 मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवर दिवा दिसला आणि त्याची देशभर चर्चा झाली. सेवेची नुसती सुरुवात असताना दिव्याची ओढ का वाटावी? कारण आपल्याकडे गाडी थांबवणाऱ्या हवालदारालाच धास्ती असते, समोरचा कोण निघेल याची. ही धास्ती काढायची तर चूक करणाऱ्या बड्या गाडीवर पावती फाडणाऱ्या हवालदाराच्या पाठीशी त्याच्या वरिष्ठांनी उभं राहिलं पाहिजे.

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. या देशाने 1984 मध्ये एका पंतप्रधानांना आणि 1991 मध्ये एका माजी पंतप्रधानांना हत्येत गमावलं आहे. ज्याच्या जिवाला खरा धोका आहे, त्याला पुरेपूर संरक्षण हवं, त्यासाठी रस्ता थोडा वेळ बंद ठेवावा लागला तरी चालेल. पण धोका किती हे पोलिसांनी ठरवावं, आणि दर काही महिन्यांनी नव्याने ठरवावं. वाय, झेड ही सुरक्षेच्या श्रेणींची अक्षरं जिल्ह्यात मिरवायची पदवी होऊन बसली आहेत. कुणाला सुरक्षा मिळाली, कुणाची काढली, यावर नाराजीनाट्य रंगतं, तेव्हा ती सुरक्षा जिवासाठी होती की मानासाठी, असा प्रश्न लोकांनी विचारलाच पाहिजे.

आणि बंदोबस्ताची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात पंतप्रधानांचा कार्यक्रम होता. त्या बंदोबस्तात मूत्रपिंडाच्या विकाराचा एक रुग्ण वेळेवर आत पोहोचू शकला नाही आणि दगावला. मनमोहन सिंग यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. तो खेद खरा होता, यात मला शंका नाही. पण गाडी अडवणाऱ्या शिपायाच्या हातात "रुग्ण असेल तर आधी सोडा" असा लेखी आदेश असता, तर खेदाची वेळ आली नसती. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला 10 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ताफा पुढे जाईपर्यंत रुग्णवाहिका रोखून धरली गेली, तर हे कलम कुणाला लागतं?

एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर 2022 च्या जुलैत त्यांनी आपल्या ताफ्यासाठी वाहतूक रोखू नये अशा सूचना पोलिसांना दिल्या होत्या. अशा सूचनांचं स्वागतच करायला हवं. अडचण अशी की सूचना माणसाबरोबर येते आणि खुर्ची बदलली की विसरली जाते. ती नियमावलीत लिहिली गेली पाहिजे.

या घाईने नेत्यांचंही भलं होत नाही. बीड जिल्ह्याने दोन मोठे नेते रस्त्यावर गमावले. 3 जून 2014 ला सकाळी दिल्लीत विमानतळाकडे जाताना गोपीनाथ मुंडे गेले. 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटे द्रुतगती मार्गावर मुंबईला बैठकीसाठी येताना विनायक मेटे गेले. दोन्ही अपघातांची कारणं वेगळी, त्यांची तुलना मी करत नाही. पण आज सोलापूर, उद्या मुंबई, परवा दिल्ली या धावपळीत रात्रभर गाडी चालवणाऱ्या चालकाकडे कुणाचं लक्ष असतं? "साहेब, झोप झालेली नाही, आज नको" असं म्हणायची सोय त्याला असली पाहिजे. तेवढी सोय झाली तरी किती घरं वाचतील.

टोलचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या नियमांत टोलमाफीची लांब यादी आहे. राष्ट्रपतींपासून आमदारांपर्यंत सगळे त्यात आहेत, परमवीरचक्र, अशोकचक्र मिळवलेले वीरही आहेत, रुग्णवाहिका आणि शववाहिनीही आहे. वीरांची आणि रुग्णवाहिकेची सूट राहू द्या, वाढवायची तर तीच वाढवा. लोकप्रतिनिधींनी मात्र फास्टॅगने टोल भरावा आणि प्रवास कामाचा असेल तर तो विधिमंडळाकडून परत घ्यावा. म्हणजे खर्च कागदावर दिसेल. शिवाय मुंबई-गोवा महामार्गासारख्या वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या रस्त्यावर जो आपल्यासारखाच अडकतो, तो अधिवेशनात त्यावर जोर लावून बोलतो.

शेवटी तुमच्या-माझ्या हातातली एक गोष्ट. प्रत्येक सरकारी वाहनाची नोंदवही असते, तिला सगळे लॉगबुकच म्हणतात. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, इंधन, प्रवासाचं कारण आणि सही. माहितीच्या अधिकारात तुम्ही ती मागू शकता. "जोडपत्र अ" हा अर्जाचा नमुना भरायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि अर्ज त्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा. 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. पुढच्या दौऱ्याचा मार्ग मागू नका, सुरक्षेच्या कारणाने तो नाकारला जाईल आणि ते बरोबरच आहे. गेल्या वर्षभराचे किलोमीटर, इंधनाचा खर्च आणि प्रवासाची कारणं एवढंच मागा. उत्तर आलं नाही, तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येतं. अर्जाची पोचपावती मात्र घ्यायला विसरू नका.

नमस्कार.