बाग झोपलीय, चारनंतर या

(दृश्य: अर्धवट उघडलेलं फाटक. भर दुपार.)

पहिल्या दिवशी आम्ही साडेबाराला पोचलो. कॅमेरा, स्टँड, माइक, सगळा लवाजमा घेऊन. काकूंनी फाटक अर्धंच उघडलं आणि म्हणाल्या, "आत्ता काय बघणार? बाग झोपलीय. चारनंतर या, नाहीतर उद्या उजाडताना."

फाटकातूनच आत डोकावलो. दुधीच्या वेलाची पानं मिटलेल्या छत्रीसारखी लोंबत होती. आमच्यातल्या एकाने विचारलंच, "पाणी कमी पडलंय का?" काकूंनी त्याला आत घेतलं, वेलाच्या बुंध्याशी बसवलं आणि म्हणाल्या, "बोट घाल मातीत." बोट दोन पेरं आत गेलं. आत चक्क गार ओल.

होतं असं, की कडक उन्हात पानांतून जितक्या वेगाने पाणी उडून जातं, तितक्या वेगाने मुळांना ते ओढता येत नाही. मग पान मान टाकतं. मान टाकली की ऊनही थोडं कमी लागतं. संध्याकाळी तेच पान ताठ. अशा वेळी घाबरून पाण्यावर पाणी ओतणारे शेवटी मुळं कुजवून बसतात. सकाळीही पान लोंबलेलंच असेल, तर मात्र तहान खरी.

(दृश्य: पहाट. झारी. पाण्याचा आवाज.)

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने उजाडताना हजर झालो.

बाग काही मोठी नाही. घराच्या तीन बाजूंनी वळलेली, कुठे दोन पावलं रुंद, कुठे पाच. काकू झारीच्या तोंडावरची जाळी काढून थेट बुंध्याशी पाणी सोडतात. पानांवर उडालं तर? उन्हात थेंबांचं भिंग होऊन पान भाजतं, असं आपण ऐकत आलोय. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० साली मांडलं, की गुळगुळीत पानांवर असं भाजत नाही. लव असलेल्या पानांवर थेंब केसांवर तोलून राहतो, तिथे मात्र शक्य आहे. काकूंचं कारण याहून साधं. "पानावरचं पाणी वाया जातं, बाई. पितात मुळं."

कुंड्या बहुतेक मातीच्या. त्यांच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, म्हणून मुळं गार राहतात. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात नुसती तापते. आणि सगळीकडे पाचोळा. काकूंनी मूठभर उचलला. वर कुरकुरीत, त्याखाली मऊ, आणखी खाली काळपट ओल आणि अंग आखडून घेणारं एक गांडूळ. पाचोळा परत जागेवर. आमच्यासाठी त्याला जास्त वेळ उघडं ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

(दृश्य: गुलाबाचं पान, अगदी जवळून.)

हे पान बघा. कडेला अर्धगोल काप, जणू नखाने कोरलेले. ही कीड नव्हे. पानं कापणारी, एकटी राहणारी एक मधमाशी असे तुकडे नेते आणि अंडी घालण्यासाठीच्या कप्प्यांना त्यांचं अस्तर लावते. अशी चार पानं गेली म्हणून काकू फवारा मारत नाहीत. प्रदर्शनात या गुलाबाला बक्षीस मिळणार नाही, हे उघड आहे.

साडेनऊच्या सुमाराला कुंपणाकडची कुंडी एकदम रंगली. चिनीगुलाब. त्याला 'ऑफिस टाइम' का म्हणतात, ते घड्याळ बघून कळलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५१ साली फुलांच्या उघडण्या-मिटण्यावरून घड्याळ मांडायची कल्पना लिहून ठेवली होती. काकूंनी लिनियस वाचलेला नाही. त्यांचं घड्याळ मात्र चालतं.

इंग्लंड-वेल्समध्ये १९२७ पासून घरगुती बागा लोकांसाठी खुल्या करायची रीत आहे. पहिल्या वर्षी ६०९ बागा उघडल्या, पैसे गेले रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांच्या कामाला. तिथल्या यादीत बागेच्या नावापुढे दिवस आणि वेळ छापलेली असते. आम्हाला ती वेळ फाटकावर तोंडी मिळाली, एवढाच फरक.

दुपार आम्ही पडवीतच काढली. चित्रीकरण शून्य.

(दृश्य: उतरतं ऊन. गुलबक्षी.)

चार वाजून गेले आणि गुलबक्षी उलगडायला लागली. डोळ्यांनी दिसत नाही; बघत राहा, काही होत नाही, पाणी पिऊन परत या, दोन उघडलेली. एकाच झाडावर गुलाबी, पिवळी, आणि एक अर्धी-अर्धी. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच, तो रंगीत निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण आहे. गुलबक्षीला पाकळ्या नसतात.

पलीकडे मोगरा. उन्हाळा लागण्याआधी त्याची छाटणी झालेली, कारण कळ्या धरतात त्या नव्या फुटीवर. दुपारच्या घट्ट मिटलेल्या कळ्या आता सैल झाल्या होत्या. वास माइकमध्ये येत नाही, याची हळहळ आमच्या ध्वनिमुद्रकालाच जास्त.

अंधारात काहीतरी भुर्रकन आलं आणि गुलबक्षीसमोर हवेतच थांबलं. हॉक मॉथ जातीचा पतंग. सोंड लांब, पंख दिसेनात इतके वेगात. आम्ही दिवा लावायला धावलो.

"दिवा नको," काकू म्हणाल्या. "बिचारा त्याच्याचकडे जाईल."

त्यांनी पडवीतलाही मालवला. पुढचे दोन मिनिटं आमच्याकडे चित्र नाही. पंखांचा आवाज तेवढा आहे.

(पडदा काळा. आवाज चालू.)